सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर गाडीचं इंधन कसं वाचवायचं

इंधन बचतीचे सल्ले ढीगभर मिळतात. कोणत्या सल्ल्याने नेमके किती रुपये वाचतात, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्यामुळे लोक चुंबकाच्या पट्ट्या लावतात, पहाटे पेट्रोल भरायला जातात आणि घासत चाललेला ब्रेक वर्षभर तसाच राहतो. या लेखात जमेल तिथे उपाय रुपयांत मांडले आहेत. हिशोबासाठी माणसांसह १२०० किलो वजनाची, मॅन्युअल गिअरची साधी पेट्रोल गाडी आणि १०५ रुपये लिटर भाव धरला आहे. भाव बदलला तर आकडे त्या प्रमाणात बदलून घ्या.

महिन्याला १२०० किलोमीटर चालणारी गाडी १४ चं ॲव्हरेज देत असेल तर सुमारे ८६ लिटर लागतात. तीच १६.५ वर आली तर ७३ लिटर पुरतात. फरक १३ लिटरचा, म्हणजे महिन्याला साडेतेराशे आणि वर्षाला सोळा हजारांच्या घरात. नवा खर्च न करता, निव्वळ चालवण्याची पद्धत आणि चार तपासण्या यांतून बऱ्याच गाड्यांना एवढी सुधारणा जमू शकते.

आधी खरं ॲव्हरेज काढा

डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. तो अंदाज असतो आणि बऱ्याच गाड्यांत खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दिसतो. टाकी फुल ते टाकी फुल हीच भरवशाची रीत.

१. नेहमीच्या पंपावर टाकी फुल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की थांबायचं. ट्रिप मीटर शून्यावर आणा.
२. निदान ३०० किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा. मध्ये पेट्रोल भरावं लागलं तर लिटर टिपून ठेवा.
३. त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा.
४. किलोमीटर भागिले लिटर. ४१२ किलोमीटरला २४.६ लिटर लागले तर ॲव्हरेज १६.७, म्हणजे किलोमीटरला सुमारे ६ रुपये २७ पैसे.

कट झाल्यावर पंपावरच्या पोराला ‘राउंड फिगर कर’ म्हणून आणखी ओतायला लावू नका. हिशोब तर चुकतोच, शिवाय टाकीतली वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात द्रव पेट्रोल शिरून तो निकामी होऊ शकतो. एका टाकीवरून निष्कर्षही काढू नका. तीन टाक्यांची सरासरी घ्या, आणि ज्या टाकीत महाबळेश्वरची फेरी झाली ती वेगळी लिहा. घाटाची टाकी आणि सांगली-मिरजेची टाकी एकत्र केली तर काहीच कळत नाही.

ब्रेक दाबला की पैसे गेले

इंजिन पेट्रोल जाळून गाडीला वेग देतं. ब्रेक त्या वेगाची उष्णता करून हवेत सोडून देतो. १२०० किलोच्या गाडीला शून्यावरून ८० चा वेग द्यायला, इंजिनची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर, सुमारे ४० मिलिलिटर पेट्रोल लागतं. म्हणजे ८० वरून ब्रेक मारून पूर्ण थांबण्याची किंमत जवळपास चार रुपये. ४० वरून थांबलात तर एक रुपया. ५० वरून १० वर आणणारा गतिरोधक दीड रुपयाचा. आष्टा, तासगाव, विट्याच्या बाजूला गावागणिक गतिरोधकांच्या जोड्या लागतात, तिथे ही दीड-दीड रुपयांची गळती सबंध रस्ताभर चालते.

उपाय आहे नजर लांब ठेवण्याचा. गतिरोधक, शाळेची पाटी, लाल सिग्नल किंवा समोर थांबलेली एसटी दिसली की लगेच ॲक्सिलरेटर सोडा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. इंजेक्शनच्या, म्हणजे संगणकाच्या हुकमाने इंधन फवारणाऱ्या इंजिनात पाय पूर्ण सुटला आणि इंजिनचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) साधारण १२०० ते १५०० च्या वर असले तर संगणक इंधन पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत राहतात. ते अंतर फुकटात कापलं जातं. तात्कालिक ॲव्हरेज दाखवणारा डिस्प्ले असेल तर आकडा एकदम वरच्या टोकाला जाताना दिसेल. गतिरोधकावर पोचेपर्यंत गाडी २०-२५ वर आलेली असते आणि ब्रेकला शेवटचा हलका स्पर्श पुरतो.

सुरुवात करताना पाय दडपायचा नाही, पण अगदी रांगतही जायचं नाही. पेट्रोल गाडीत २००० ते २५०० फेऱ्यांवर, डिझेलमध्ये १५०० ते २००० वर वरचा गिअर टाका. सपाटीवर दुसरा १५-२० ला, तिसरा ३० ला, चौथा ४०-४५ ला आणि पाचवा ५५ च्या पुढे, असं ढोबळ गणित. मात्र पाचव्यात ३५ वर गाडी थरथरत ओढली तर इंधन वाचत नाही, इंजिन आणि क्लच मात्र झिजतात. गाडीने अंग टाकलं की खालचा गिअर टाकायलाच हवा.

उसाच्या हंगामातलं चालवणं

साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कारखान्यांच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर २०-२५ च्या वेगाने चाललेले असतात. त्यांच्या मागे लोक जे करतात ते इंधनाला सगळ्यात वाईट: जवळ जायचं, डोकं बाहेर काढायचं, समोरून गाडी दिसली की ब्रेक, पुन्हा रेस, पुन्हा ब्रेक. प्रत्येक फसलेला प्रयत्न रुपया-दोन रुपये खातो.

ट्रॉलीपासून ४०-५० मीटर मागे राहा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये, तिच्याच वेगाने, ब्रेकला पाय न लावता. मागे राहिल्याने पुढचा रस्ताही जास्त दिसतो. लांबपर्यंत मोकळा रस्ता दिसला की खालच्या गिअरमध्ये एकदाच पूर्ण जोर द्या आणि पुढे निघा. त्या वेळी पेट्रोलचा विचार करायचा नाही. ओव्हरटेक लांबवणं धोक्याचं आहे. रात्री कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो, म्हणून हंगामात अंधार पडल्यावर वेगच कमी ठेवा.

महामार्गावर ८० आणि १००

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. चाकांचं घर्षण तेवढं वाढत नाही, त्यामुळे एकूण खप साधारण १५ ते २० टक्क्यांनी चढतो. साताऱ्याहून कराडमार्गे पेठ नाका सुमारे ८० किलोमीटर धरा. ८० च्या वेगाने एक तास, १०० ने ४८ मिनिटं. २० चं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला एरवी चार लिटर लागतात, तिथे पाऊण लिटरभर जास्त जातं. बारा मिनिटांसाठी साठ ते ऐंशी रुपये. कधीकधी बारा मिनिटं त्याहून मोलाची असतात, पण भाव माहीत असावा. शिवाय सहापदरीकरणाच्या कामामुळे जिथे वाहतूक सेवा रस्त्यावर वळवलेली असते, तिथे वाचवलेली मिनिटं रांगेतच जातात.

टपावरचा कॅरिअर रिकामा असला तरी वारा अडवतो. सामानाने भरलेला मोठा कॅरिअर महामार्गाच्या वेगाला १० ते २५ टक्क्यांपर्यंत खप वाढवू शकतो. सहल संपली की दोन बोल्ट सोडवून उतरवून ठेवा. त्यामानाने डिकीतल्या ५० किलोंचा परिणाम टक्का-दोन टक्केच आहे. तो घाटात जास्त जाणवतो, सपाटीवर जवळजवळ नाही.

एसीबद्दल उगाच भांडणं होतात. गावात कमी वेगाने जाताना खिडक्या उघडा, महामार्गावर खिडक्या बंद करून एसी लावा आणि हवा आतल्या आत फिरवणारं बटण दाबा. उन्हात तापलेली गाडी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं काचा खाली ठेवून गरम हवा जाऊ द्या. आनेवाडी आणि तासवडे टोलनाक्यांच्या आधी फास्टॅगमध्ये शिल्लक आहे ना, ते घरूनच बघून निघा, म्हणजे नाक्यावर इंजिन चालू ठेवून खोळंबावं लागणार नाही.

घाट: चढताना किती, उतरताना किती

वाई साधारण ७२० मीटरवर आहे, पाचगणी १२९० च्या आसपास. पसरणी घाटाने ही पावणेसहाशे मीटरची उंची चढवायला भरलेल्या १४०० किलोच्या गाडीला सपाटीच्या खपावर सुमारे एक लिटर जास्त लागतं. ही उंचीची किंमत कुणालाच चुकत नाही. आपल्या हातात आहे ते त्याशिवाय वाया जाणारं पेट्रोल.

चढताना पेट्रोल गाडीचे फेरे २५०० ते ३००० मध्ये ठेवा. बहुतेक ठिकाणी तिसरा, आवळत्या वळणावर दुसरा. वळणाच्या आधीच खालचा गिअर टाका. वळणात गाडी दमल्यावर घाईने गिअर बदलला तर वेग पूर्ण मरतो आणि पुन्हा शून्यातून ओढावं लागतं. चढावर थांबावं लागलं तर हँडब्रेक ओढा. अर्धवट क्लचवर गाडी तोलून धरली तर पेट्रोल जातं आणि क्लच प्लेट जळते. जळका वास आला तर गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर अवजड ट्रकमागे अडकलात तरी पाठीला चिकटू नका, अंतर ठेवून एकसारखं चढा.

आता उतार. पसरणी, केळघर, कुंभार्ली, यवतेश्वर, कुठलाही घाट घ्या, ‘न्यूट्रल टाक, पेट्रोल वाचतं’ ही समजूत पक्की बसलेली आहे. ती चुकीची आणि जीवघेणी आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलिंगला चालत राहतं आणि तासाला अर्धा-पाऊण लिटर खातंच. गिअरमध्ये पाय सोडून उतरलात तर इंधन बंद असतं, म्हणजे खप शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिनची रोखही जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, पॅड तापतात आणि ऐन वळणावर ब्रेकचा जोर कमी होतो. इंजिन बंद करणं तर त्याहून वाईट. ब्रेकला जोर देणाऱ्या व्हॅक्यूम बूस्टरची मदत दोन-तीन वेळा ब्रेक दाबल्यावर संपते, पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली पूर्ण मागे फिरली तर लॉकही होऊ शकतं.

ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. वेग वाढू लागला तर ब्रेक थोडा वेळ पण नीट दाबून १० ने कमी करा आणि सोडा. सतत हलका दाबून धरू नका. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ (खालचा गिअर) वापरा.

कासच्या फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या बाजूला रांग लागते. इंच-इंच पुढे सरकत राहिल्याने लागणारं पेट्रोल चढापेक्षाही जास्त भरू शकतं. मधल्या वारी, सकाळी लवकर निघणं हा तिथला खरा उपाय.

इंजिन चालू ठेवून थांबणं

दहा मिनिटांच्या आयडलिंगला १०० ते १३० मिलिलिटर जातं, एसी चालू असेल तर त्याहून जास्त. पोवई नाक्यावर किंवा विश्रामबागेत दुकानासमोर ‘दोनच मिनिटं’ म्हणून गाडी चालू ठेवली जाते तेव्हा हेच होतं. अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर बंद करा. आजच्या इंजिनांना परत सुरू व्हायला अगदी थोडं इंधन लागतं. बॅटरी अशक्त असेल तर मात्र आधी ती बदला. डिझेल टर्बो गाडी घाट चढून लगेच थांबवली असेल तर मिनिटभर आयडलिंगला ठेवून मग बंद करा.

साताऱ्याच्या थंडीतही सकाळी पाच मिनिटं इंजिन तापवत बसायची गरज नाही. सुरू करा, दहा-पंधरा सेकंदांनी निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, म्हणून गणपती पेठेतली तीन कामं तीन वेळा करण्यापेक्षा एकाच फेरीत उरकलेली बरी.

टायर

हवेचा योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरायचा नाही. स्टिकरवर बहुधा दोन रकाने असतात, दोन-तीन माणसांसाठी आणि पूर्ण भारासाठी.

हवा थंड टायरमध्ये, म्हणजे गाडी तीन तास उभी राहिल्यावर, दर पंधरा दिवसांनी तपासा. साताऱ्याहून कराडला जाऊन तपासली तर टायर तापलेला असतो आणि दाब ३-४ पीएसआय जास्त दिसतो. तेव्हा कमी करून घेतलीत तर सकाळी टायर मऊ सापडेल. पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत. स्वतःचं डिजिटल गेज घ्या. स्टेपनीही तपासा.

खरं सांगायचं तर दर १ पीएसआय कमी हवेमागे खप ०.२ टक्क्यांच्या आसपासच वाढतो. ३३ ऐवजी २६ असेल तर दीड टक्का. पेट्रोलचे पैसे थोडेच, पण टायरच्या कडा लवकर झिजतात आणि नवे चार टायर स्वस्त नाहीत. ॲव्हरेजसाठी नायट्रोजनला पैसे घालवू नका. साध्या हवेत ७८ टक्के तोच आहे.

गॅरेजमध्ये काय बघायचं

ॲव्हरेज अचानक दोन-तीनने पडलं तर पहिला संशय घासणाऱ्या ब्रेकवर घ्या. पावसाळ्यानंतर हे फार दिसतं. कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना चिखलाने आणि सुकलेल्या ग्रीसने अडकतात, पॅड डिस्कवरून सुटत नाही. पाच-सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, सपाट रस्त्यावर गाडी आपोआप मंदावू द्या आणि थांबल्यावर प्रत्येक रिमजवळ हात न्या. डिस्कला हात लावू नका, पोळतो. एक चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तेच दोषी. खात्रीसाठी सपाटीवर इतर चाकांना दगड लावून ते चाक जॅकवर उचला, गिअर न्यूट्रल करा आणि हाताने फिरवा. हलकी घासर चालेल. जोर लावूनच फिरत असेल तर पिना काढून साफ करून ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा. साधं ग्रीस रबर फुगवतं. मागच्या चाकांत हँडब्रेकची केबल जास्त ताणलेली असते, तीही बघा.

दुसरा संशय थर्मोस्टॅट वाल्व्हवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवर घ्या. गाडी तापते म्हणून काही मिस्त्री तो काढूनच टाकतात. मग इंजिन कधीच पुरतं तापत नाही, संगणकाला ते थंड वाटतं आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. सात-आठ किलोमीटर चालल्यावरही तापमानाचा काटा खालीच असेल किंवा थंड इंजिनचा निळा दिवा विझत नसेल, तर वाल्व्ह आहे का आणि बंद होतो का ते तपासून घ्या. गाडी तापण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा रेडिएटर, फॅन किंवा कूलंटमध्ये सापडतं.

इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोड वाचल्याशिवाय सुटे भाग बदलू नका. ऑक्सिजन सेन्सर बिघडला तर खप खूप वाढतो. प्लग जुने झाले की इंजिन अडखळतं. साधे निकेलचे प्लग ३० ते ४० हजार किलोमीटरला बदलावेत, इरिडियमचे त्याच्या दुप्पट तरी चालतात.

माण, खटाव, जत, आटपाडीच्या धुळीत फिरणाऱ्यांनी एअर फिल्टर ५ हजार किलोमीटरला उघडून बघावा. हवा मारायची ती आतून बाहेर आणि कमी दाबाने. बाहेरून मारली तर धूळ कागदात रुतते. मळलेल्या फिल्टरने आजच्या इंजेक्शन गाड्यांत ॲव्हरेजपेक्षा ओढ जास्त कमी होते, हेही लक्षात ठेवा.

क्लच घसरतोय का, हे बघायला चौथ्या गिअरमध्ये ४०-४५ वर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेरे झपकन वाढले आणि वेग वाढला नाही तर प्लेट गेली. इंजिन ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलं असेल तेच. ५डब्ल्यू-३० च्या इंजिनात ‘जाड ऑइल चांगलं’ म्हणून २०डब्ल्यू-५० घातलं की प्रत्येक फेऱ्याला जास्त ताकद लागते. अलाइनमेंट दर ५ ते १० हजार किलोमीटरला आणि मोठा खड्डा आपटल्यावर करून घ्या.

पेट्रोल आणि पंप

२०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांतही ते इथेनॉल तयार होतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या मानाने या मिश्रणात साडेसहा-सात टक्के, आणि आधीच्या दहा टक्क्यांच्या मिश्रणाच्या मानाने साडेतीन टक्के ऊर्जा कमी. १७ च्या गाडीत हा फरक अर्ध्या-पाऊण किलोमीटरचा आहे. त्याहून जास्त घसरण असेल तर इथेनॉलवर न ढकलता वरच्या तपासण्या करा. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि फिल्टरही सर्व्हिसिंगला बघून घ्या.

महाग प्रीमियम पेट्रोल गाडीच्या पुस्तकात मागितलेलं नसेल तर त्याने ॲव्हरेज वाढत नाही. पहाटे थंड पेट्रोल जास्त मिळतं, हीही समजूतच. टाक्या जमिनीखाली असल्याने आतलं तापमान दिवसभरात फारसं बदलत नाही. शंभरऐवजी एकशे दहाचं भरल्याने मापात फरक पडत नाही. चुंबक आणि बाटलीतली औषधं यांवर एक रुपयाही घालू नका.

मापाचीच शंका आली तर वाद न घालता पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. ते पंपावर ठेवणं बंधनकारक आहे आणि त्यावर वैधमापन खात्याची मुद्रा असायला हवी. माप आधी ओलं करून रिकामं करायला सांगा, मशीन शून्यावर आहे ते बघा आणि पाच लिटर सोडायला लावा. २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. त्याहून कमी भरलं तर तिथल्या तक्रारवहीत लिहा आणि जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात बिलासह तक्रार द्या.